साडेआठची उडी

प्रिय आई,

वाकून नमस्कार. लोणचं पोचलं. गुडघा कसा आहे?

इथे डोकं फिरायची वेळ आलीय. काचेच्या एका तंतूतला प्रकाश होलोग्रामच्या बारीक नक्षीवरून वळवून, हवेतून, केसाएवढ्या दुसऱ्या तंतूत घालायचा, एवढंच माझं काम. पण रोज साडेआठला वरच्या मजल्यावर सगळ्यांबरोबर व्यायाम करून परत यावं, तर नेम हुकलेला! तीन आठवडे मी तंतू चिकटवायच्या गोंदाला शिव्या दिल्या, तो लावणाऱ्या माझ्या मदतनीस, बिचाऱ्या कोमोरीबाईंना झापलं.

काल कंबर धरली (आता बरी आहे), म्हणून खालीच बसलो. वर सगळ्यांनी उड्या मारल्या आणि डोळ्यांदेखत प्रकाश सरकला.

व्यायाम बंद करा म्हटलं, तर साहेब म्हणतात, "इथला व्यायाम चाळीस वर्षांचा आहे. तुझ्या प्रकाशालाच सवय लाव!"

कोमोरीबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "काल तसा थोडाच सरकला. सगळ्यात जोरात तुम्हीच उडता."

आई, ती उडी तूच शिकवलीस.

तुझाच,
शिगेआकी