तीन वेटोळ्यांचा ळ

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का हिस,
बाळीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुझी सून हर्षाली फोनवर म्हणाली की आता तू वाटीभर नागलीची आंबील घेतेस आणि ती घशाखाली उतरायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. ऐकून फार बरं वाटलं. मोगऱ्याला कळी धरली का? दाजींनी यंदा तरी छाटणी वेळेवर केली असेल, नाहीतर मागच्यासारखं सगळ्या हरसूलचा मोगरा बाजारात आणि आपला झाडावर.

फोन सोडून हिला पत्राची दुर्बुद्धी का झाली, असं तू म्हणशील. ऑपरेशन झाल्यापासून फोनवर मीच बोलते आणि तू नुसतं हुं करतेस. एकटीनं बोलायची मला हौस दांडगी, हे तुला माहीत आहेच. पण या वेळचं बोलणं तुला मध्येच थांबवता आलं पाहिजे, मागे जाऊन पुन्हा वाचता आलं पाहिजे. म्हणून अक्षर मोठं काढलंय. सहादूमामा उद्या भाजी घेऊन नाशिकला येतील, त्यांच्याजवळ देते. हर्षालीकडून वाचून घेऊ नकोस. दुपारी पडवीत बसून तूच सावकाश वाच.

माझ्या कामाबद्दल तुला थोडंफार ठाऊक आहे. तुझ्या जबड्यात गाठ निघाली त्याच महिन्यात मी मुखमित्र मंचात लागले. ज्यांना तंबाखू, मिसरी काही केल्या सुटत नाही त्यांनी निदान कमी अपायाचं काहीतरी घ्यावं, असं मंचाचं म्हणणं. हिरडीला लावून ठेवायची एक चपटी पांढरी पुडी असते. तिच्यात तंबाखूचं पान नसतं, नुसतं निकोटीन. तिला सरकारनं मोकळीक द्यावी म्हणून लोकांची पत्रं दिल्लीला पाठवायची, हे आमचं काम.

मला ते मनापासून पटलं होतं. दवाखान्यात मिसरीवाचून तू कशी तळमळायचीस ते मी पाहिलंय. पाटीवर लिहायचीस, 'बाळी, लय तल्लफ येती.' तेव्हा हाताशी काहीतरी असतं तर बरं झालं असतं, असं कोणालाही वाटेल. त्या पुडीबद्दल ठामपणे मला आजही काही सांगता येत नाही. डॉक्टरांतही दोन मतं आहेत.

पण ती लोकांची पत्रं लोकांनी लिहिलेली नव्हती, अक्का. ती मी लिहायचे. माणूस दोन वाक्यं सांगायचा, मी दोन पानं करायचे आणि खाली त्याची सही घ्यायचे. आमचे प्रमुख रविराज सर म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर फार सुंदर आहे, तीच अडचण आहे. शुद्धलेखनाच्या चार चुका टाका, म्हणजे खरं वाटेल." मग मी डाव्या हातानं लिहायला शिकले. मालेगावच्या यंत्रमाग कारागिराचं पत्र वेगळं, पेठच्या बाईचं वेगळं. शाळेच्या गॅदरिंगला मी नकला करायचे ना, तशी मजा यायची. ही मजाच मला आता छळते.

दिवाळीनंतर नमुन्याच्या पुड्यांचा एक खोका आला. वरचा पत्त्याचा कागद ओला होऊन सुटला होता. नीट चिकटवावा म्हणून धरला, तर त्याच्याखाली आधीचा छाप. हिरवा राघू, चोचीत पान. तो मी कशी विसरेन? राघू छाप तंबाखूची पुडी तुझ्यासाठी दुकानातून मीच आणायचे. तू ती तव्यावर काळी होईस्तोवर भाजायचीस, घरभर ठसका उठायचा, आणि मी रिकाम्या कागदावरचा राघू कापून वहीला लावायचे. ज्या तंबाखूनं तुझा अर्धा जबडा गेला, तिच्याच कारखान्यातून खोका आला होता. मंचाचा सगळा खर्च तिथूनच येतो, हे नंतर सरांनीच कबूल केलं.

सर चिडले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "कंपनीनं चूक केली, आता तीच सुधारतेय. यात वाईट काय?"  त्याचं उत्तर मला घरी मेथी निवडताना सुचलं. चूक सुधारणारा स्वतःच्या नावावर कागद कशाला चिकटवेल? आणि तंबाखूचा कारखाना तर तसाच चालू आहे. आपल्या आठवडेबाजारात राघूच्या माळा अजून टांगलेल्या असतात.

तरीही मी काम सोडलं नाही. तीन महिने गप्प राहिले. चार लोक मॅडम म्हणतात, गावोगाव गाडीनं नेतात, त्याचीही तल्लफ लागते.

मी इतका वेळ आजूबाजूलाच फिरतेय, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. त्या पत्रांत एक तुझं आहे.

ड्रेसिंगच्या दिवशी मी तुझ्यापुढे कोरा कागद धरला होता. दवाखान्याचा आहे म्हणाले. त्यावर काही छापलेलं का नाही, हे तू विचारलं नाहीस. बाळीनं धरलाय म्हणून सही केलीस. घरी येऊन मी वर लिहिलं, 'ही पुडी आधी मिळाली असती तर माझा जबडा वाचला असता. सरकारनं आमच्यासारख्या बायांचा इचार करावा.' शेवटी 'तळमळीनं सांगते' असं लिहिलं आणि त्यात तुझा ळ काढला, दोनाऐवजी तीन वेटोळ्यांचा. तसा ळ तुझ्याशिवाय कोणी काढत नाही. तू पाटीवर 'बाळी' लिहायचीस ना, त्यातूनच तो उचलला. मला याची फार लाज वाटते, अक्का. तुझं तोंड बंद असताना मी तुझ्या तोंडी शब्द घातले.

येत्या शुक्रवारी, चौदा तारखेला, मंचाची गाडी तुझ्याकडे येणार आहे. सगळ्या पत्रांत तुझंच सगळ्यात खरं वाटलं म्हणे. व्हिडिओ काढून दिल्लीत दाखवायचा आहे. मी म्हटलं, अक्काला स्पष्ट बोलता येत नाही. सर म्हणाले, "उलट बरंच आहे. त्या नुसत्या बसतील, त्यांच्या वतीनं तुम्ही बोला."

त्यानंतर मी त्या ऑफिसात बसू शकले नाही. काल राजीनामा दिला. दिल्लीच्या त्याच पत्त्यावर माझ्या नावानं, उजव्या हातानं कळवलं की ते पत्र माझ्या बहिणीचं नाही, मी लिहिलेलं आहे आणि तिला त्यातलं काही माहीत नाही. बाकीचीही मीच लिहिली, हेही लिहिलं. पुढे काय व्हायचं ते होईल.

गाडी तरीही येईल. माणसं गोड बोलतील. तुला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. ती पुडी मिळायला हवी असं तुला खरंच वाटत असेल, तर तेही सांग. माझी त्याला हरकत नाही. फक्त पाटी जवळ ठेव आणि जे सांगायचं ते तू लिही. कोणी कोरा कागद पुढे केला, अगदी मी केला, तरी सही करू नकोस.

मी शुक्रवारी पहिल्या एसटीनं येते, त्यांच्या आधी. बाहेर ओट्यावर बसेन. तू आत बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर दुपारच्या गाडीनं परत फिरेन आणि तुझ्यावर रागावणार नाही. दाजींना नमस्कार, हर्षालीला आशीर्वाद.

तुझी
बाळी

ता. क. वर सही करताना ळ दोन वेटोळ्यांचा काढलाय, माझा. तुझा तुला परत.