ज्याचं कुलूप त्यानं काढायचं

६ फेब्रुवारी

कुलूप तसंच आहे. लाल, एका कोपऱ्याला रंग उडालेला. चौथ्या मजल्याच्या विजेच्या पॅनलवर, बंद केलेल्या मेन स्विचला. तो गेला, कुलूप राहिलं.

ठेकेदार सकाळी कटर घेऊन आला. मामा आडवे झाले. मामा म्हणजे आमचे थोरले वायरमन, कुणाचेच मामा नाहीत, सगळ्यांचे आहेत.

"शेठ, ज्याचं कुलूप त्यानं काढायचं. पुढे कुणाचा हात तारेवर आहे, तुम्हाला काय ठाऊक?"

"कुणाचा नाही! पळून गेलाय तो!"

"मग बोलवा त्याला."

कटर तिथेच टाकून ठेकेदार खाली गेला.

पळून! जिन्यानं गेला तो. सावकाश. मी वर उभी होते. हाक मारली नाही.

७ फेब्रुवारी

का नाही मारली?

९ फेब्रुवारी

एकदा लिहून काढते. तेवढंच डोकं हलकं होईल.

त्या दिवशी ठेकेदारानं मला चौथ्या मजल्यावर पाठवलं. एकटीला, चालू लाइनवर. परीक्षा पास होऊन वर्ष उलटलं, तरी त्याच्या कागदावर मी शिकाऊच – म्हणजे शिकाऊचाच दर देता येतो. वायरमनला कायद्यानं कमीत कमी किती द्यायचं, ते भिंतीवर लावायला हवं. आमच्या भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. शिकाऊ माणसाला चालू लाइनवर एकटं सोडायचं नाही, हेही कायद्यातच आहे. मी रबरी हातमोजे मागितले. मिळाले. दोन्ही उजव्या हाताचे!

तेवढ्यात तो वर आला. माझ्याशी बोलला नाही. मेन स्विच खाली ओढला, स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग ठेकेदाराकडे वळला.

"पगाराच्या वेळी ही शिकाऊ आणि कामाच्या वेळी वायरमन? एक काय ते ठरवा."

"तुला रे काय त्याचं? तुझी कोण लागते ती?"

सगळे थांबले. तो माझ्याकडे बघत होता. ठेकेदाराकडे नाही, माझ्याकडे. मी पक्कड पुसत होते. एवढं कुणी पुसतं का पक्कड!

"उद्यापासून येऊ नकोस," ठेकेदार म्हणाला. फोनही काढून घेतला, कामाचा होता म्हणून.

१२ फेब्रुवारी

आज तळघरात जेवताना त्याची जागा कुणी घेतली नाही. तिथे हेल्मेटं ठेवली.

त्याला सगळे शिडी म्हणतात. छताचा पंखा जमिनीवर उभा राहून काढतो, म्हणून. तळघरात मात्र वाकून बसायचा. तिथे खिडकी नाही. सिमेंटची धूळ डब्यात पडते. डबा झाकत झाकत म्हणायचा, "मी घेईन ती खोली खिडकीची. बाकी काही नसलं तरी चालेल."

"स्टोव्ह? भांडी?" मी विचारलं होतं.

"ते तू आण."

मामांना ठसका लागला. मी पाणी प्यायले. चेष्टा म्हणून सगळे विसरले. मी नाही.

१३ फेब्रुवारी

आई म्हणाली, "ताटातलं तसंच! शॉक बसला का काय?"

"बसला असता तर सांगितलं असतं."

"न सांगण्यासारखाच बसलेला दिसतोय."

१७ फेब्रुवारी

कामगार खात्यात जाऊन आलो, मामा आणि मी. मामांनी लग्नकार्याचा शर्ट घातला होता. तिथल्या मॅडमनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "मी येऊन बघेपर्यंत कुलपाला हात लावायचा नाही. तुमच्या ठेकेदारालाही तसं कळवते."

तक्रारीवर धंदा लिहायचा होता. वायरमन लिहिलं. खोडलं नाही. तो असायला हवा होता बघायला.

२० फेब्रुवारी

त्याच्या ताईंच्या दुकानात गेले. त्या कपडे शिवतात. तोंडात टाचण्या. सगळ्या काढून होईपर्यंत माझा धीर निम्मा झाला.

"दुसऱ्या गावी लागलाय कामाला. पूर्ण दर देतात म्हणे. राहतोय अजून मित्राकडे. खोल्या दाखवतात, हा नाकारतो. नखरे तर बघ! नंबर देऊ नवा?"

घेतला. तिथल्या तिथे लावणार होते. पण बोलणार काय? लागते म्हणून?

"ताई, एवढंच सांगा – कुलूप अजून तसंच आहे."

"कसलं कुलूप?"

"त्याला कळेल."

२१ फेब्रुवारी

नंबर पाठ झाला. लावला नाही.

२४ फेब्रुवारी

मॅडम आल्या. आधी कॅलेंडर बघितलं, मग हातमोजे. दोन्ही उजवे हातमोजे ठेकेदाराच्या पुढ्यात ठेवले. "घालून दाखवा." त्यानं डावा हात मागे घेतला. मामांनी तोंड फिरवून हसून घेतलं.

संध्याकाळपर्यंत दरपत्रक भिंतीवर लागलं. पास झालेले सगळे या महिन्यापासून वायरमन, मागचा फरकही मिळणार. शिकाऊ पोरांसोबत कायम एक जाणता माणूस. खाली बारीक अक्षरांत – आठवड्याची सुट्टी, पगारी रजा.

"आणि चौथा मजला?" ठेकेदारानं विचारलं.

"ज्याचं कुलूप आहे त्याला कामावर परत घ्या. तो काढेल."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. मामांनी पाठीवर थाप मारली. मी जिन्याकडे बघत होते. कुणी येत नव्हतं.

२७ फेब्रुवारी

ताई फाटकापाशी आल्या. रुमालाच्या गाठीत एक किल्ली.

"त्यानं पाठवलीय. म्हणाला, तिच्याच हातात दे."

"आणखी काही म्हणाला?"

"छे! बस सुटायच्या घाईत होती, ज्याच्याबरोबर पाठवली तो माणूसही घाईत."

म्हणजे येणार नाही. यायचं असतं तर किल्ली कशाला पाठवली असती?

पहिल्या दिवशी त्यानं मला तारा जोडायला शिकवलं नाही. कुलूप लावायला शिकवलं. "आपल्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. मामांच्या नाही, सख्ख्या भावाच्या नाही, माझ्यासुद्धा नाही." मी विचारलं होतं, "आणि मेले तर?" "तर तुझ्या खिशातून काढू. पण तू द्यायची नाहीस."

आणि आज स्वतःच दिली! रुमालात बांधून, कुणाच्या तरी हातून. हिशेब मिटवतात तशी. एवढं काय मागितलं होतं मी? ये आणि काढून ने, एवढंच. तेही धड म्हटलं नाही, ते खरं.

भिंतीपाशी जाऊन दरपत्रक वाचलं. वायरमन. ती ओळ माझी आहे. याच ओळीसाठी वर्षभर झुरले.

मामांना सांगितलं, "उद्या सकाळी कुलूप काढते." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

किल्ली उशाखाली ठेवली. मग कपाटात. मग परत उशाखाली.

२८ फेब्रुवारी

सगळे चौथ्या मजल्यावर जमले. किल्ली आत जाईना. उलटी करून पाहिली. "तेल सोडा," ठेकेदार म्हणाला. मामांनी ती माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली.

"पोरी, ही कुलपाची नाही. दाराची आहे. घराच्या दाराची."

त्यानं नियम मोडला नव्हता!

ठेकेदाराला म्हटलं, "कुलूप राहू द्या. ज्याचं आहे तो येईल, मी घेऊन येते. आणि मला दोन दिवस रजा हवीय. पगारी. भिंतीवर लिहिलंय."

पत्ता ताईंकडून घेतला. स्टोव्ह बांधलाय. आई दारातून बघतेय. खिडकी कुठल्या बाजूला आहे, बघून येते.