भिंतीच्या आत

बाबा,

कॉम्प्युटरनं तुम्हाला भिंतीच्या आत उभं केलंय. अफझलगंजची ती नवाबी देवडी, तो जुना वाडा, आठवते ना? देशाचा बाजार खुला झाला होता, आबिड्सला जिकडे तिकडे काचेची दुकानं उघडत होती, आणि मालक देवडी पाडून कॉम्प्लेक्स बांधायला उतावळे झाले होते. पाडण्याआधी मोजून ठेवायचं काम तुमच्याकडे आलं आणि नुकती कॉलेजातून सुटलेली मी तुमच्या हाताखाली. एकाच भिंतीचे दोन फोटो, दुसरा जरा उजवीकडे सरकून घ्यायचा. दोन्ही शेजारी ठेवून भिंगांतून पाहिले की भिंत खोलीसकट उभी राहते, मोजता येते. त्या वेळात मापाची काठी धरणाऱ्यानं हलायचं नाही. काठी माझ्याकडे असताना तुम्ही झापलं होतंत, "दम घे, पण हलू नको गं. दिवार हलते का?"

पुढची भिंत पाडली, मग मालकांचेच आपसात कज्जे लागले आणि कॉम्प्लेक्स राहूनच गेलं. आता तुमच्या पश्चात त्याच फोटोंवरून ती भिंत पुन्हा बांधायचं काम माझ्याकडे आलंय. फोटोत काठी धरून तुम्ही भिंतीला लागून उभे आहात, पण मापात भिंतीच्या मागे निघता, बिनखिडकीच्या कोठीत, आणि तिथून माझ्याकडे बघता. शेजारी बसलेली सहकारी म्हणाली, "मॅडम, ये साहब कू निकाल दूं? दीवार में गड्ढा पडरा."

दोन फोटोंच्या मध्ये माणूस कॅमेऱ्याबरोबर सरकला, की तो आहे त्याहून लांब दिसतो, हे तुम्हीच शिकवलेलं. म्हणजे तुम्ही हलला होतात. तुम्ही! मग आठवलं. कॅमेरा उचलून सरकताना माझा पाय विटांत अडकून मी पडता पडता वाचले होते. तुम्ही काठीसकट अर्धं पाऊल उजवीकडे, माझ्या बाजूला आला होतात.

तुम्हाला पुसणं फार जड गेलं. तरी मीच तिला 'काढ' म्हणाले, नाहीतर गवंड्यांनी तसाच खड्डा ठेवला असता. भिंत सरळ उभी राहिली, चुन्याचा गिलावाही झाला. आता तिच्यामागे ती कोठी पुन्हा तयार झालीय, आणि दुपारीसुद्धा तिच्यात पाठ फिरवून उभं राहणं मला जमत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं सांगते. कोठीला दार मी अजून बसवू दिलेलं नाही. सुतार विचारतो, मी म्हणते लाकूड वाळू दे. लाकूड केव्हाच वाळलंय, बाबा.