दारातली तांदळाची पिशवी

प्रिय आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितेय.

शिवणकामाचा कारखाना महिनाभर बंद आहे, पण मी उपाशी नाही. दर सोमवारी दारात तांदळाची पिशवी असते. तू लिहितेस, ‘देवानेच धाडलंय, गुपचूप खा.’

मला काही पटत नाही. पिशवीच्या तोंडाचे टाके उलटे कललेले असतात, आणि आमच्यात डावखुरी एकच, ती खाष्ट मुकादमबाई. पगार तर तिचाही बंद आहे. शिवाय पिशवीत दर वेळी जुनाच तांदूळ असतो; माझ्या पोटाला तोच सोसतो, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक?

तिला पत्र तूच लिहिलंस ना? देवावर माझा भरवसा आहे, तुझ्यावर नाही. बाबांचा खोकला थांबला म्हणतेस, तेही आता खरं वाटत नाही.

तुझी संशयी लेक