मोकळ्या पायाचं काय करावं

नागपूर

तीर्थरूप आबा,

मल्हारचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. व्याख्यानं चांगली चालली आहेत, जेवण वेळेवर होतं.

नव्या गाडीत क्रूझ कंट्रोल आहे. बटण दाबून वेग ठरवून दिला की पाय काढून घ्यायचा, गाडी त्याच वेगानं आपली आपण चालते. परवा हमरस्त्यावर मी ते लावलं आणि मोकळा झालेला उजवा पाय सवयीनं मांडी घालून वर घेतला. पुढं ट्रक हळू झाला. पाय सुटेना आणि तोंडातून मेंढरं थांबवायची आपली हाळी निघाली.

शेजारच्या सीटवर बसलेला धनाजी म्हणाला, "आवं वक्ते, ही मेंढरं न्हाईत तुमचं ऐकायला. ब्रेक दाबा."

कसाबसा दाबला.

आता पाय ब्रेकपाशीच असतो. पावसात, घाटात, गर्दीत ते लावत नाही. तरी गोंधळ मिटत नाही. आपला लगाम दुसऱ्याच्या हाती देऊ नका, असं मी सभेत गरजतो आणि स्वतः बटणाला देतो. पण पाय दुखत नाही, हेही खरंच.

तुमचा कळप सरळ वाटेनं आपोआप चालतो, तेव्हा तुम्ही विसावा घेता की जास्तच जागे असता?

पत्र मिळताच फोन करा. परतीचा रस्ताही असाच सरळ आहे. आईचा गुडघा कसा आहे? तिला एवढंच सांगा, गाडी चांगली आहे.

तुमचा
मल्हार