सुतळीने बांधलेलं बटण

मंगळवार, चाकण

बायकोच्या, मंगलच्या फुप्फुसातला कॅन्सर आज डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावला. दोन जीन तुटून एकमेकांना जोडले गेलेत. त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला दोरीसारखा पीळ आहे. त्या पिळाने दोन प्रथिनं एकमेकांना धरून बसतात आणि पेशी वाढवायचं बटण दाबलेलंच राहतं. ते बटण सोडवणारी गोळीही आता लागू पडत नाही.

मला हे लगेच का कळलं? कंपनीतला आमचा पत्रा दाबायचा प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच चालतो, हात वाचावेत म्हणून. टार्गेट लवकर गाठायला मी एक बटण सुतळीने दाबून बांधून ठेवतो.

घरी मंगलला एवढंच सांगितलं, बटण अडकलंय.

"मग सुटेल की. कंपनीत मशीन अडकलं की तुम्हीच सोडवता ना?"

हो म्हणालो. सुतळी खिशातच होती.