मिरजेच्या वाटेवरची फियाट

कोल्हापूर,
ता. ९ फेब्रुवारी १९७७

प्रिय भाऊ दिलदार यास मेहमुदाआपाचा सलाम वि. वि.

तुझं ईदचं पत्र माझ्या शाळेच्या पत्त्यावर मिळालं होतं. उत्तर लिहायला हात होत नव्हता. आता लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

अम्मीच्या छातीत गाठ निघाली. डिसेंबरात मिरजेला ऑपरेशन झालं. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी किरणांचे शेक द्यायला न्यावं लागतं. एकूण सोळा आहेत, पाच झाले. मध्ये खंड पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. अम्मीनंच मला शपथ घातली होती की पोराला परमुलखात घोर लावू नकोस. ती मी आज मोडते आहे.

अब्बांचा उजवा हात अर्धांगवायू झाल्यापासून लुळाच आहे, त्यामुळे फियाट मीच चालवते. काल हातकणंगल्याच्या अलीकडं गाडी उकळली. बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला आणि इंजिन बंद पडलं. झुंबरबाई म्हणून एक बाई शेतात तण भांगलत होत्या, त्यांनी अम्मीला बांधावर सावलीत निजवलं आणि विहिरीचं पाणी आणून दिलं. गाडी निवायला दोन तास गेले. तोवर दवाखान्यातलं यंत्र बंद झालं असणार, म्हणून माघारी फिरलो. शेक बुडाला.

एका मिस्त्रीला दाखवली. तो म्हणतो इंजिन उतरवायला लागेल, पंधरा दिवस गाडी ठेवा. पंधरा दिवसांत चार शेक जातील. भाड्याची गाडी करावी तर वाटेत अम्मीसाठी दहा वेळा थांबायला कोणी राजी नाही. आगगाडीच्या गर्दीत तिला बसवत नाही. अब्बा दिवसभर गाडीकडं बघत बसतात.

तू तिथं डेपोत रोज इंजिनं उघडतोस. मला नुसतं समजावून सांग, पाना मी धरीन. हे पत्र लिहिल्याचं अब्बांना ठाऊक नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मेहमुदाआपा


नागपूर,
ता. १३ फेब्रुवारी १९७७

आदरणीय मेहमुदाआपास दिलदारचा आदाब वि. वि.

पत्र वर्कशॉपात मिळालं. डिसेंबरात ऑपरेशन झालं आणि मला फेब्रुवारीत कळतंय. तुझ्यावर रागावू की अम्मीवर, काही समजेना. ते राहू दे, आधी गाडीचं लिहितो.

इंजिन कुणालाही उतरवू देऊ नकोस. पाणी उकळतंय म्हणजे ते एकतर कमी पडतंय, नाहीतर फिरत नाही. गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे पहिलं. आमच्याकडं एकाचं तोंड त्यानं भाजलंय. सकाळी थंड गाडीत काठोकाठ पाणी भर आणि खाली कुठं गळतंय का बघ. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघ, बोटभर दबला तर ठीक, लोंबला तर ढिला. मग गाडी जागेवर पंधरा मिनिटं चालू ठेव. बंद करून रेडिएटरला वरून आणि खालून जपून हात लाव. वर चटका आणि खाली गार, असं असेल तर पाणी फिरत नाही.

तसं निघालं तर वरच्या पाईपच्या तोंडाशी थर्मोस्टॅट म्हणून पितळी डबीसारखी चीज आहे, ती काढ. गार इंजिनात ती बंद असते, गरम पाण्यानं उघडते. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोड आणि पाणी तापव. उकळी यायच्या आत तिचं तोंड उघडलं तर ती चांगली आहे. मग दोष रेडिएटरात. दोन्ही पाईप सोडवून खालच्या तोंडातून नळाचं पाणी जोरात सोड, म्हणजे साचलेला गाळ वरून बाहेर येईल.

अब्बांना माझं नाव सांगू नकोस. सात वर्षांपूर्वी वाघबिळाच्या घाटात ह्याच गाडीचं इंजिन माझ्या हातून जळालं, आणि टॅक्सी स्टँडवर सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. पाणी बघायची अक्कल नसलेल्या पोरानं मला बाप म्हणू नये, असं ते म्हणाले होते. त्याच पोराच्या सल्ल्यानं त्यांची गाडी दुरुस्त व्हावी, हे त्यांना सोसायचं नाही.

अम्मीच्या पायांना माझा हात लाव. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
दिलदार


कोल्हापूर,
ता. १९ फेब्रुवारी १९७७

प्रिय दिलदार यास सलाम वि. वि.

दोन शेक आगगाडीनं जाऊन घेतले. मंगळवारी डब्यात जागा नव्हती. अम्मी खाली जमिनीवर माझा पदर अंथरून निजली आणि लोक तिला ओलांडून जात होते. घरी आल्यावर म्हणाली, आता पुरे कर पोरी, मला इथंच राहू दे.

गुरुवारी मी रजा काढून गाडीला हात घातला. गळती नाही. पट्टा ठीक. रेडिएटर वरच्या बाजूला हात लावू देईना आणि खाली माठासारखा गार. डबी काढली आणि दुधाच्या पातेल्यात सोडली. शेजारची चिमणाबाई बघायला आली, तिला वाटलं मी काही औषध उकळतेय. पाण्याला बुडबुडे धरले आणि डबीचं तोंड हळूच उघडलं. मग रेडिएटर धुतला. आधी गेरूसारखा लाल गाळ आला, अर्धा तास येत होता. सगळं परत जोडलं. जागेवर गाडी तासभर चालवली तरी काही नाही. गंगावेशीपर्यंत जाऊन आले, काही नाही. मला फार आनंद झाला होता.

काल शुक्रवारी निघालो. शिरोली गेली, हालोंडी गेली. रस्ता मोकळा म्हणून जरा वेग दिला आणि हेर्ल्याच्या पुढं उष्णतेचा काटा पुन्हा लाल पट्ट्यात. थांबत, निववत मिरज गाठली, पण उशीर झाला होता. आणखी एक शेक गेला.

परत येताना अब्बांनी विचारलं की हे डबीचं तुला कुणी शिकवलं. मग तेच म्हणाले, शाळेच्या पत्त्यावर पत्रं येत्यात, मला ठावं हाय. मला वाटलं आता काय होतंय कुणास ठाऊक. पण मैलभर पुढं गेल्यावर म्हणाले, त्याला लिही, जागंवर गरम हुत न्हाय, पळवली की हुतीया. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत. तुझं नाव घेतलं नाही, पण 'त्याला' म्हणाले.

लवकर उत्तर दे. आपाची आठवण राहू दे.

तुझी,
मेहमुदाआपा


नागपूर,
ता. २३ फेब्रुवारी १९७७

आदरणीय आपास आदाब वि. वि.

अब्बांनी लिहायला लावलेलं वाक्यच कामाचं आहे. त्यावरून मला वाटतं, दोष खालच्या होज पाईपचा असावा.

रेडिएटरातून इंजिनाकडं पाणी जातं तो जाड रबरी पाईप खाली आहे. उभ्या गाडीत तो चांगला टणक दिसतो, म्हणून मिस्त्रीही फसतात. पण इंजिन जोरात फिरलं की पंप पाणी ओढतो, आणि रबर आतून कुजलं असेल तर पाईप चेपून बसतो. पाण्याची वाट बंद होते. वेग कमी केला की पाईप पुन्हा पहिल्यासारखा.

हे एकट्यानं बघता येत नाही. तू आत बसून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि दुसऱ्या कुणीतरी पाईपवर हात ठेवायचा. पंखा फिरत असतो, म्हणून तो हात सवयीचा पाहिजे. अब्बांचा डावा हात चांगला आहे ना. त्यांना म्हण, बाजूनं, खालून हात घाला, सदऱ्याची बाही वर गुंडाळून. मी सांगितलंय म्हणून सांगितलंस तरी चालेल.

चेपत असेल तर दुकानातून तारेची गुंडाळी आत असलेला नवा पाईप आण. दोन्ही टोकांना क्लिपा घट्ट आवळ.

अम्मीला म्हण, पुरे म्हणायचं नाही. खुशालीची वाट बघतो.

तुझा,
दिलदार


कोल्हापूर,
ता. २ मार्च १९७७

प्रिय दिलदार यास सलाम वि. वि.

मधले दोन शेक आगगाडीनंच घेतले. रविवारी सकाळी अब्बांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी दातांनी बाही वर ओढली आणि गाडीपाशी जाऊन बसले. बसायला त्यांना फार वेळ लागला, पण मला हात देऊ दिला नाही. मी गाडी चालू केली. दोनदा ॲक्सिलरेटर दाबला, काही नाही. तिसऱ्यांदा चांगला जोर दिला तेव्हा त्यांनी ओरडून सांगितलं की बसला, बसला, चपटा झाला. मी इंजिन बंद करून उतरले. ते तसेच पाईप धरून बसले होते. म्हणाले, आता फुगतोय बघ.

जुना पाईप कापून बघितला, आत रबराचा लगदा होता. नवा बसवला. काल मंगळवारी मिरजेला जाऊन आलो आणि काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. अम्मी जाताना येताना झोपली. दहा शेक झाले, सहा राहिले. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, गाठ अंगात किती पसरलीय ते आज सांगता येत नाही, पण सगळे शेक पुरे झाले तर वर्ष दीड वर्ष तरी बरं जाईल. अम्मीला हे सांगितलेलं नाही. तुला सांगते.

खालचा मजकूर अब्बांनी स्वतः डाव्या हातानं लिहिलाय. मला खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. मी वाचलेला नाही.

तुझी,
मेहमुदाआपा

दिलदार,
वाघबिळाच्या दिवशी रेडिएटर गळत हुता. मला आदल्या दिवशीच ठावं हुतं. हळद टाकून गळती बुजवली आन् तुला न सांगता गाडी दिली, भाडं सोडवंना म्हणून. चूक माझी हुती. चारचौघांत तुला मारलं. नंतर सांगायचं हुतं, जमलं न्हाय.
बादशहा


नागपूर,
ता. ६ मार्च १९७७

तीर्थस्वरूप अब्बांच्या सेवेशी दिलदारचा आदाब. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर लावायला वेळ लागला, पण सगळं लागलं.

हळदीचं मला माहीत होतं. त्या दिवशी इंजिन बंद पडल्यावर गाडी निवली तेव्हा मी झाकण उघडलं. आत सगळं पिवळं होतं, बोटाला हळद लागली. स्टँडवर तुम्ही मारलंत तेव्हा ते बोट दाखवून मी सगळ्यांना सांगू शकलो असतो. तुमची तीस वर्षांची ड्रायव्हरकी, सगळे ड्रायव्हर तुम्हाला मानणारे. माझ्यानं सांगवलं नाही.

मारल्याचा राग मला कधी आला नाही. राग आला तो नंतर. आज ना उद्या तुम्ही एक ओळ पाठवाल म्हणून पहिली दोन वर्षं मी पोस्टमनची वाट बघितली. मग ती सोडून दिली. हे लिहायचं नव्हतं, पण तुम्ही खरं लिहिलंत तेव्हा मीही खरंच लिहिलं पाहिजे. माफ केलं म्हणायला मी मोठा नाही आणि विसरलो म्हणणं खोटं होईल.

महिनाभराची रजा मंजूर झाली. गुरुवारी संध्याकाळी कोल्हापुरात पोचतो. शुक्रवारचा शेक आहे. आपाला शाळा चुकवायला लावू नका, गाडी मी चालवीन. मागं अम्मी निजेल आणि पुढं माझ्या शेजारी तुम्ही बसा.

आपला,
दिलदार